ईमेलची स्थानिक साठवण

ईमेलची स्थानिक साठवण म्हणजे सर्व्हरवरील ईमेल खात्यातील संदेशांच्या प्रती वापरकर्त्याच्या संगणकावर फाइलींच्या रूपात ठेवण्याची पद्धत होय. मोझिला थंडरबर्ड, मायक्रोसॉफ्ट आउटलुक, ॲपल मेल यांसारखे संगणकावर स्थापित केले जाणारे ईमेल प्रोग्राम ही पद्धत वापरतात. ब्राउझरमधून ईमेल वाचताना संदेश सर्व्हरवरच राहतात आणि पडद्यावर केवळ त्यांचे दर्शन होते. याउलट ईमेल प्रोग्राम संदेश उतरवून घेतो, डिस्कवर लिहितो आणि त्यांची सूची तयार करतो. त्यामुळे इंटरनेट जोडणी नसतानाही जुने संदेश वाचता येतात व त्यांत शोध घेता येतो.

डिस्कवरील प्रत ही संदेशाची मूळ व एकमेव प्रत आहे, की सर्व्हरवरील प्रतीचे केवळ प्रतिबिंब आहे, हे खात्याचा प्रोटोकॉल आणि प्रोग्रामची मांडणी यांवर ठरते. संगणक बदलताना, खाते बंद होताना किंवा सर्व्हरवरील जागा मोकळी करताना हा फरक निर्णायक ठरतो. पॉप खात्यातील फाइल पुसली गेल्यास संदेश कायमचे नाहीसे होऊ शकतात. आयमॅप खात्यातील फाइल पुसली गेल्यास ती बहुधा सर्व्हरवरून पुन्हा तयार होते, परंतु सर्व्हरवरील संदेश पुसल्यास संगणकावरील प्रतही जाते.

## पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळात ईमेल पाठवणारे व वाचणारे एकाच मोठ्या सामायिक संगणकावर काम करीत असत. युनिक्स प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाची एक फाइल असे आणि नवीन संदेश त्या फाइलीच्या शेवटी जोडला जाई. वाचणारा त्याच संगणकावर असल्याने संदेश दुसरीकडे नेण्याचा प्रश्न नव्हता. १९८०च्या दशकात वैयक्तिक संगणकांचा प्रसार झाल्यावर ही स्थिती बदलली. वैयक्तिक संगणक सतत चालू नसे व सतत जोडलेलाही नसे. त्यामुळे संदेश स्वीकारणारा सर्व्हर आणि संदेश वाचणारा संगणक हे वेगळे झाले आणि या दोहोंमधील देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र प्रोटोकॉलांची गरज भासली.

पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल अर्थात पॉपची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची तिसरी आवृत्ती, म्हणजेच पॉप-३, १९८८ मध्ये मांडली गेली आणि १९९६ मध्ये तिला आजचे प्रमाणित रूप मिळाले. इंटरनेट मेसेज ॲक्सेस प्रोटोकॉल अर्थात आयमॅपचा आरंभ मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केला. आयमॅपची चौथी आवृत्ती १९९४ मध्ये आली. तिचे २००३ मधील सुधारित प्रमाण दीर्घकाळ प्रचलित राहिले व २०२१ मध्ये त्याची पुढील सुधारणा प्रसिद्ध झाली.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई आणि जोडणीच्या वेळेनुसार खर्च येई. जोडणी करून सर्व संदेश उतरवून घ्यावेत, जोडणी तोडावी, निवांतपणे वाचून उत्तरे लिहावीत आणि पुढच्या जोडणीत ती पाठवावीत, ही पद्धत अशा परिस्थितीला साजेशी होती. पॉपची रचना नेमकी याच गरजेतून झालेली आहे.

## साठवला जाणारा संदेश

तांत्रिकदृष्ट्या ईमेल संदेश हा साध्या मजकुराचा एक सलग तुकडा असतो. त्याचे दोन भाग असतात: शीर्षभाग आणि मुख्य मजकूर. शीर्षभागात प्रेषक, प्राप्तकर्ता, दिनांक, विषय, संदेशाचा ओळख-क्रमांक आणि संदेश ज्या ज्या सर्व्हरांतून आला त्यांच्या नोंदी असतात. एक रिकामी ओळ सोडून त्याखाली मुख्य मजकूर सुरू होतो. हे स्वरूप १९८२ मध्ये प्रमाणित झाले आणि २००१ व २००८ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आल्या.

मूळ प्रमाण केवळ रोमन लिपीतील साध्या अक्षरांसाठी होते. छायाचित्रे, दस्तऐवज व इतर लिप्यांतील मजकूर पाठवता यावा म्हणून १९९२ मध्ये माइम हे प्रमाण आले. माइममध्ये संलग्न फाइल बहुधा बेस-६४ या संकेतनाने साध्या अक्षरांत रूपांतरित केली जाते. या संकेतनात दर तीन बाइटांसाठी चार अक्षरे लागतात. परिणामी १५ मेगाबाइटची संलग्न फाइल संदेशात सुमारे २० मेगाबाइट जागा घेते. संदेश मूळ स्वरूपात साठवणाऱ्या प्रोग्रामांच्या फाइली अपेक्षेपेक्षा मोठ्या दिसतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

## प्रोटोकॉलनुसार साठवण

### पॉप

पॉपमध्ये सर्व्हर हे तात्पुरते थांबण्याचे ठिकाण मानले जाते. ईमेल प्रोग्राम सर्व्हरशी जोडला जातो, उपलब्ध संदेश एकेक करून उतरवतो व ते पुसण्याची सूचना देतो. ही सूचना तत्काळ अमलात येत नाही. प्रोग्रामने संवाद रीतसर संपवल्यावरच सर्व्हर चिन्हांकित संदेश पुसतो. मध्येच जोडणी तुटल्यास काहीही पुसले जात नाही, त्यामुळे अर्धवट उतरलेला संदेश गमावण्याचा धोका टळतो.

पॉपला केवळ एकच पेटी ठाऊक असते. प्रोग्राममध्ये तयार केलेली फोल्डर, पाठवलेल्या संदेशांच्या प्रती, वाचल्याच्या खुणा या सर्व गोष्टी फक्त त्या संगणकावर राहतात आणि सर्व्हरला त्यांची माहिती नसते.

बहुतेक प्रोग्रामांत ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ असा पर्याय असतो. तो निवडल्यास तेच संदेश पुन्हा पुन्हा उतरू नयेत म्हणून प्रोग्राम प्रत्येक संदेशाच्या सर्व्हरवरील विशिष्ट ओळख-क्रमांकाची यादी ठेवतो. थंडरबर्ड ही यादी ‘पॉपस्टेट’ नावाच्या लहान फाइलीत ठेवतो. ही फाइल नाहीशी झाल्यास सर्व्हरवर शिल्लक असलेले सर्व संदेश नवे समजून पुन्हा उतरवले जातात आणि प्रत्येकाच्या दोन प्रती होतात.

### आयमॅप

आयमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवर असते व संगणकावरील प्रत ही तिची छाया असते. फोल्डरांची रचना, संदेश वाचल्याची, उत्तर दिल्याची वा महत्त्वाचा असल्याची खूण या सर्व गोष्टी सर्व्हरवर राहतात. त्यामुळे कार्यालयातील संगणक, घरातील लॅपटॉप आणि मोबाइल या तिन्हींवर एकच चित्र दिसते.

सर्व संदेश पूर्णपणे उतरवणे आयमॅपमध्ये बंधनकारक नसते. प्रोग्राम केवळ शीर्षभाग उतरवून यादी दाखवू शकतो, संदेश उघडल्यावर मजकूर आणू शकतो आणि संलग्न फाइल मागितल्यावरच उतरवू शकतो. यादीत दिसणारा प्रत्येक संदेश संगणकावर असेलच असे नाही, हे यातून लक्षात येते. जोडणी नसताना एखादा संदेश उघडत नाही, तेव्हा त्याचे केवळ शीर्षक उतरलेले असते. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या थंडरबर्डच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आयमॅप खात्यातील संदेश पूर्णपणे उतरवून ठेवणे ही त्या प्रोग्रामची मूळ मांडणी झाली. वापरकर्ता ती फोल्डरनिहाय किंवा संदेशाच्या वयानुसार बदलू शकतो.

### एक्स्चेंज

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरवरील खात्यात ईमेलबरोबर दिनदर्शिका, संपर्क व कामांच्या नोंदीही असतात. आउटलुक २००३ पासून अशा खात्याची संपूर्ण प्रत संगणकावर ठेवून तिच्यावरच काम करण्याची आणि पार्श्वभूमीवर सर्व्हरशी मेळ घालत राहण्याची सोय झाली. आउटलुक २०१३ पासून किती काळापर्यंतचे संदेश संगणकावर ठेवावेत हे ठरवणारी सरकपट्टी देण्यात आली. मर्यादेपलीकडील संदेश सर्व्हरवर असतात, पण संगणकावरील फाइलीत नसतात. केवळ ती फाइल जपून ठेवणाऱ्यास आपल्याकडे सर्व जुने संदेश आहेत असे वाटत असले, तरी प्रत्यक्षात तसे नसू शकते.

## समक्रमणाची रीत

सर्व्हरवरील फोल्डर आणि संगणकावरील प्रत यांचा मेळ घालण्याच्या क्रियेस समक्रमण म्हणतात. आयमॅपमध्ये प्रत्येक फोल्डरातील प्रत्येक संदेशास एक क्रमांक दिला जातो. हे क्रमांक चढत्या क्रमाने दिले जातात व एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या संदेशास मिळत नाही. आपल्याकडील शेवटचा क्रमांक ५४० असेल, तर प्रोग्राम ५४१ पासून पुढचे संदेश मागतो आणि आधीचे संदेश पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

फोल्डरासही एक वैधता-क्रमांक असतो. सर्व्हर बदलल्यामुळे किंवा फोल्डर पुसून त्याच नावाने पुन्हा तयार केल्यामुळे जुने संदेश-क्रमांक निरर्थक ठरले, तर हा वैधता-क्रमांक बदलतो. तो बदललेला दिसताच प्रोग्रामने आपल्याकडील प्रत टाकून द्यावी आणि सर्व काही नव्याने उतरवावे असा नियम आहे. संस्थेने सर्व्हर बदलल्यानंतर काही दिवस ईमेल प्रोग्राम संथ होतो व इंटरनेटचा वापर वाढतो, याचे कारण अनेकदा हेच असते.

संदेश एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवल्यास त्यास नव्या फोल्डरातील नवा क्रमांक मिळतो. आयमॅपमध्ये हलवण्याची स्वतंत्र आज्ञा २०१३ मध्ये प्रमाणित झाली. त्यापूर्वी नव्या फोल्डरात प्रत करणे, जुन्या प्रतीवर पुसल्याची खूण करणे आणि मग खूण केलेले संदेश काढून टाकणे अशा तीन पायऱ्या होत्या. मध्येच जोडणी तुटल्यास संदेश दोन्ही ठिकाणी राहत असे.

जीमेलसारख्या सेवांत फोल्डरांऐवजी लेबले असतात व एका संदेशास अनेक लेबले लावता येतात. आयमॅपमधून प्रत्येक लेबल हे फोल्डर म्हणून दिसते. परिणामी एकच संदेश ‘इनबॉक्स’मध्ये, लेबलाच्या फोल्डरात आणि ‘सर्व मेल’मध्ये अशा अनेक ठिकाणी येतो आणि प्रोग्रामच्या पद्धतीनुसार संगणकावर त्याच्या एकाहून अधिक प्रती साठू शकतात.

## फाइलींचे प्रकार

### फोल्डरागणिक एक फाइल

एमबॉक्स हा सर्वांत जुना प्रकार युनिक्समधून आलेला आहे. यात एका फोल्डरातील सर्व संदेश एकाच मजकूर-फाइलीत एकाखाली एक लिहिले जातात. प्रत्येक संदेशाच्या आरंभी ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने व त्यानंतरच्या मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ असते. संदेशाच्या मजकुरातच एखादी ओळ या शब्दाने सुरू झाल्यास गोंधळ होऊ नये म्हणून तिच्या आधी कोनाकृती चिन्ह घातले जाते. जुन्या इंग्रजी ईमेलांमध्ये हे चिन्ह अकारण आलेले दिसते ते त्यामुळेच.

एमबॉक्स फाइल कोणत्याही मजकूर-संपादकात उघडता येते व अनेक प्रोग्रामांना ती वाचता येते, हे तिचे मोठे बळ आहे. मात्र सर्व संदेश एकाच फाइलीत असल्याने ती बिघडल्यास अनेक संदेश एकदम धोक्यात येतात. तसेच एक नवा संदेश आला तरी संपूर्ण फाइल बदललेली समजली जाते, त्यामुळे राखीव प्रत घेणाऱ्या साधनांना दरवेळी मोठी फाइल नव्याने उचलावी लागू शकते.

### संदेशागणिक एक फाइल

१९९०च्या दशकात डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या सर्व्हर-प्रोग्रामसाठी मेलडिर ही रचना मांडली. यात प्रत्येक संदेशाची स्वतंत्र फाइल असते आणि प्रत्येक फोल्डरात तात्पुरते, नवे व चालू असे तीन उपविभाग असतात. संदेश प्रथम तात्पुरत्या विभागात लिहिला जातो आणि पूर्ण लिहून झाल्यावरच नव्या विभागात हलवला जातो. त्यामुळे अर्धवट लिहिलेला संदेश वाचणाऱ्यास कधीच दिसत नाही. या रचनेत राखीव प्रत घेणे सोपे होते, पण हजारो लहान फाइली हाताळण्याचा भार संगणकावर पडतो.

### एकच बंदिस्त फाइल

आउटलुकमध्ये खात्यातील सर्व फोल्डर, संदेश, संपर्क व दिनदर्शिका एकाच मोठ्या फाइलीत असतात. या फाइलीची अंतर्गत रचना डेटाबेससारखी असते. संदेश मूळ मजकुराच्या रूपात न राहता त्याचे विषय, प्रेषक, मजकूर, संलग्न फाइल असे घटक वेगवेगळे करून साठवले जातात. ती साध्या मजकूर-संपादकात वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये पीएसटी फाइलीच्या रचनेचे तांत्रिक वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर इतर प्रोग्रामांना ती वाचणे सुकर झाले.

## प्रमुख प्रोग्राम

### मोझिला थंडरबर्ड

थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. हा प्रोग्राम आपली सर्व माहिती ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरात ठेवतो. त्यात पॉप खाती व स्थानिक फोल्डर यांसाठी ‘मेल’ आणि आयमॅप खात्यांसाठी ‘आयमॅपमेल’ असे दोन विभाग असतात. मूळ मांडणीनुसार प्रत्येक फोल्डराची एक विस्तारनाम नसलेली एमबॉक्स फाइल असते. तिच्याच नावाची, एमएसएफ विस्तारनामाची एक सूची-फाइल शेजारी असते आणि उपफोल्डर एसबीडी विस्तारनामाच्या डिरेक्टरीत असतात.

सूची-फाइलीत संदेशांची यादी, खुणा व मुख्य फाइलीतील त्यांचे स्थान नोंदलेले असते. ती बिघडल्यास फोल्डर रिकामे दिसू शकते, परंतु संदेश मुख्य फाइलीत शाबूत असतात. अशा वेळी ‘फोल्डर दुरुस्त करा’ हा पर्याय वापरल्यास सूची नव्याने तयार होते. फोल्डर रिकामे दिसताच खाते काढून टाकणे मात्र पॉप खात्याच्या बाबतीत घातक ठरू शकते, कारण खाते काढताना त्यातील संदेशांच्या फाइलीही पुसण्याचा पर्याय समोर येतो.

### मायक्रोसॉफ्ट आउटलुक

आउटलुकच्या पारंपरिक आवृत्तीत दोन प्रकारच्या फाइली असतात. पॉप खात्यांचे व वापरकर्त्याने वेगळे काढून ठेवलेले संदेश पीएसटी फाइलीत असतात. एक्स्चेंज खात्याची स्थानिक प्रत ओएसटी फाइलीत असते. आयमॅप खात्यांसाठी पूर्वी पीएसटी फाइल वापरली जाई, आउटलुक २०१३ पासून ओएसटी वापरली जाते.

पीएसटी फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडता येते. ओएसटी फाइल मात्र ज्या खात्यासाठी व प्रोफाइलसाठी तयार झाली त्याच्याशी बांधलेली असते आणि सामान्यतः अन्यत्र उघडत नाही. खाते बंद झाल्यावर केवळ ओएसटी फाइल हाती उरली, तर तिच्यातील संदेश आउटलुकच्या नेहमीच्या मार्गाने परत मिळवता येत नाहीत. म्हणून खाते चालू असतानाच आवश्यक संदेश पीएसटी फाइलीत निर्यात करावे लागतात.

आउटलुक २००३ पूर्वीच्या पीएसटी फाइलींना २ गिगाबाइटची मर्यादा होती आणि ती गाठलेल्या फाइली बिघडण्याचे प्रकार घडत. २००३ मध्ये युनिकोडवर आधारित नवी रचना आल्यावर मूळ मर्यादा २० गिगाबाइट आणि आउटलुक २०१० पासून ५० गिगाबाइट झाली. बिघडलेली फाइल दुरुस्त करण्यासाठी आउटलुकबरोबर एक स्वतंत्र साधन दिलेले असते. पीएसटी फाइल सामायिक नेटवर्क-डिस्कवर ठेवून वापरू नये अशी मायक्रोसॉफ्टची सूचना आहे, कारण जोडणी खंडित झाल्यास फाइल बिघडू शकते.

### ॲपल मेल

ॲपलच्या मॅक संगणकांवरील मेल हा प्रोग्राम वापरकर्त्याच्या ‘लायब्ररी’ फोल्डरातील ‘मेल’ विभागात संदेश ठेवतो. २००५ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेन टायगर या आवृत्तीपासून एमबॉक्सऐवजी प्रत्येक संदेशाची स्वतंत्र ईएमएलएक्स फाइल ठेवली जाऊ लागली. त्याच आवृत्तीत आलेल्या स्पॉटलाइट या शोध-सुविधेला संदेश स्वतंत्र फाइलींच्या रूपात असणे सोयीचे होते. ईएमएलएक्स फाइलीच्या पहिल्या ओळीत संदेशाची लांबी, त्यानंतर मूळ संदेश आणि शेवटी ॲपलच्या स्वरूपातील खुणांची माहिती असते. संलग्न फाइल उतरवलेली नसल्यास फाइलीच्या नावात ती अपूर्ण असल्याचे दर्शवलेले असते. सर्व संदेशांची सूची एसक्यूलाइट प्रकारच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असते.

### जुने प्रोग्राम

१९८८ मध्ये स्टीव्ह डॉर्नर यांनी इलिनॉय विद्यापीठात लिहिलेला युडोरा हा प्रोग्राम १९९०च्या दशकात लोकप्रिय होता. तो संदेश एमबॉक्ससदृश फाइलीत ठेवी, पण संलग्न फाइली संदेशातून काढून वेगळ्या फोल्डरात ठेवीत असे. विंडोजबरोबर मिळणारा आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक फोल्डरासाठी डीबीएक्स प्रकारची फाइल वापरीत असे. नाव सारखे असले तरी त्याची साठवण आउटलुकपेक्षा सर्वस्वी वेगळी होती.

## पुसलेले संदेश आणि जागा

संदेश पुसल्यावर डिस्कवरील जागा लगेच मोकळी होत नाही. एमबॉक्स फाइलीच्या मधला तुकडा काढायचा तर त्यापुढील सर्व मजकूर पुन्हा लिहावा लागतो. हे टाळण्यासाठी थंडरबर्ड पुसलेल्या संदेशावर केवळ खूण करतो. संदेश यादीतून नाहीसा होतो, पण फाइलीत तसाच राहतो. ‘संक्षिप्त करा’ ही क्रिया केल्यावर शिल्लक संदेशांची नवी फाइल लिहिली जाते आणि जुनी टाकली जाते. या क्रियेसाठी तात्पुरती मोकळी जागा लागते, त्यामुळे डिस्क पूर्ण भरेपर्यंत थांबणे योग्य नसते. आउटलुकमध्येही पीएसटी फाइल संक्षिप्त करण्याची अशीच सोय आहे.

याचा एक उपयोग असा, की चुकून पुसलेला संदेश फाइल संक्षिप्त होण्यापूर्वी परत मिळू शकतो. पण दुसरी बाजूही आहे: गोपनीय म्हणून पुसलेला संदेश फाइलीत वाचता येण्याजोगा उरलेला असू शकतो.

## मराठी मजकुराची साठवण

देवनागरी मजकूर आज युनिकोडच्या यूटीएफ-८ संकेतनात पाठवला जातो. यात देवनागरीतील प्रत्येक संकेतचिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच संकेतचिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट होतात. बेस-६४ संकेतनात त्यांची २० अक्षरे होतात. क्वोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या संकेतनात प्रत्येक बाइटसाठी तीन अक्षरे लागतात, त्यामुळे तोच शब्द ४५ अक्षरे घेतो.

यामुळे एमबॉक्स फाइल मजकूर-संपादकात उघडल्यास इंग्रजी संदेश वाचता येतात, परंतु मराठी संदेश रोमन अक्षरे व अंकांच्या अर्थहीन रांगांसारखे दिसतात. त्यात मराठी शब्द थेट शोधताही येत नाही. बेस-६४मध्ये तर शब्दाच्या आधी किती बाइट आले आहेत यानुसार एकाच शब्दाची तीन वेगवेगळी रूपे होऊ शकतात. मजकूर हरवलेला नसतो. तो उलगडून वाचण्यासाठी ईमेल प्रोग्रामच वापरावा लागतो. थंडरबर्ड, आउटलुक व ॲपल मेल शोधासाठी उलगडलेल्या मजकुराची वेगळी सूची करतात किंवा संगणक-प्रणालीची सूची वापरतात.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या फॉन्टांमध्ये टंकलेले मराठी मजकूर ईमेलने पाठवले जात. अशा संदेशांत साठवलेली चिन्हे प्रत्यक्षात रोमन वा अन्य असतात आणि विशिष्ट फॉन्टमुळेच ती देवनागरी दिसतात. फाइल सुस्थितीत असली तरी तो फॉन्ट किंवा योग्य परिवर्तक नसल्यास मजकूर वाचता येत नाही. जुना पत्रव्यवहार जपताना म्हणून फाइलीबरोबर मूळ फॉन्टही जपणे किंवा मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करणे आवश्यक ठरते.

## समक्रमण आणि राखीव प्रत

समक्रमण म्हणजे राखीव प्रत नव्हे. समक्रमणाचा उद्देश दोन ठिकाणे सारखी ठेवणे हा असतो, म्हणून एका ठिकाणी झालेली चूक दुसऱ्या ठिकाणीही पोहोचते. मोबाइलवरून चुकून पुसलेले फोल्डर पुढच्या समक्रमणात घरच्या संगणकावरूनही जाते. सर्व्हरवरील जागा भरली म्हणून ब्राउझरमधून जुने संदेश पुसणाऱ्यास ‘ते संगणकावर आहेतच’ असे वाटत असले, तरी आयमॅप खात्यात ते संगणकावरूनही पुसले जातात.

शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यापीठाचे किंवा नोकरी सोडल्यावर संस्थेचे ईमेल खाते बंद होते, तेव्हा हा फरक विशेष जाणवतो. खाते बंद झाल्यावर सर्व्हर प्रवेश नाकारतो. समक्रमित प्रत काही काळ वाचता येत असली, तरी तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. स्वतःच्या मालकीचा पत्रव्यवहार जपायचा असल्यास, संस्थेच्या नियमांना अनुसरून, खाते चालू असतानाच पुढील मार्ग उपलब्ध असतात:

* सर्व संदेश, केवळ शीर्षभाग नव्हे, पूर्णपणे उतरले आहेत याची खात्री करणे. त्यासाठी जोडणी बंद करून काही जुने, संलग्न फाइली असलेले संदेश उघडून पाहता येतात.
* थंडरबर्डमधील ‘स्थानिक फोल्डर’ किंवा ॲपल मेलमधील ‘माझ्या मॅकवर’ या विभागात संदेशांच्या प्रती करणे. या विभागांचे सर्व्हरशी समक्रमण होत नाही. येथे ‘प्रत करा’ आणि ‘हलवा’ यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो, कारण हलवलेला संदेश सर्व्हरवरून जातो.
* आउटलुकमधून पीएसटी फाइलीत निर्यात करणे.
* प्रोग्राम बंद करून त्याच्या फाइली वेगळ्या डिस्कवर नकलणे. प्रोग्राम चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते.

एफएटी-३२ पद्धतीने मांडलेल्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही. मोठ्या पीएसटी वा एमबॉक्स फाइलींची नक्कल अनेकदा याच कारणाने अयशस्वी होते.

दीर्घकालीन जतनासाठी संदेश मूळ स्वरूपात, म्हणजे एमबॉक्स किंवा ईएमएल फाइलींच्या रूपात ठेवणे श्रेयस्कर मानले जाते, कारण त्यात शीर्षभाग पूर्ण राहतो व कोणत्याही एका कंपनीच्या प्रोग्रामवर अवलंबून राहावे लागत नाही. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७ नुसार जपून ठेवलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे वापरता येण्याजोगा असावा, त्याचे मूळ स्वरूप किंवा मूळ माहिती अचूक दाखवणारे स्वरूप राखलेले असावे आणि त्याचा उगम, गंतव्य व पाठवल्याचा वा मिळाल्याचा दिनांक आणि वेळ कळावी अशी अपेक्षा आहे. ही माहिती संदेशाच्या शीर्षभागात असते. कागदावर छापलेल्या प्रतीत तिचा थोडाच अंश उतरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात अभिलेखाचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. मूळ फाइल उपलब्ध असल्यास हे मूल्य काढणे सोपे होते.

## सुरक्षितता

सर्व्हर आणि संगणक यांमधील जोडणी आज बहुधा कूटबद्ध असते. कूटबद्ध आयमॅपसाठी ९९३ व कूटबद्ध पॉपसाठी ९९५ हे पोर्ट नेमलेले आहेत. मात्र ही सुरक्षितता प्रवासापुरतीच असते. संगणकावर पोहोचल्यानंतर संदेश बहुतेक प्रोग्रामांत कूटबद्ध न करता लिहिले जातात. ईमेल खात्याचा पासवर्ड बदलला तरी आधी उतरलेल्या प्रतींवर त्याचा परिणाम होत नाही. संगणक चोरीस गेल्यास किंवा विकल्यास डिस्क वाचू शकणाऱ्यास सर्व पत्रव्यवहार वाचता येतो.

यावरील उपाय म्हणजे संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणे. विंडोजमध्ये बिटलॉकर व मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट या सुविधा त्यासाठी आहेत. २०१८ मधील मॅक ओएस मोहावे या आवृत्तीपासून इतर प्रोग्रामांना मेलच्या फाइली वाचण्यासाठी वापरकर्त्याची स्पष्ट परवानगी लागते. महाविद्यालयातील प्रयोगशाळा किंवा सायबर कॅफे यांसारख्या ठिकाणच्या सामायिक संगणकावर ईमेल प्रोग्राममध्ये आपले खाते जोडणे टाळावे, कारण प्रोग्राम बंद केल्यावरही प्रती तेथेच राहतात.

## अलीकडील प्रवाह

इंटरनेट सतत उपलब्ध झाल्याने आणि सर्व्हरवरील जागा वाढल्याने स्थानिक साठवणीचे स्वरूप बदलत आहे. अनेक वापरकर्ते केवळ ब्राउझर व मोबाइल ॲप वापरतात. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील मेल हा प्रोग्राम २०२४ अखेर बंद करून त्याऐवजी नवीन आउटलुक पुढे आणला. हा प्रोग्राम वेब तंत्रज्ञानावर आधारित आहे. त्यात अन्य कंपनीचे आयमॅप खाते जोडल्यास संदेशांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सर्व्हरवरही समक्रमित होते. अशा रचनेत मूळ सर्व्हर व वापरकर्त्याचा संगणक यांच्या मध्ये साठवणीचे तिसरे ठिकाण येते. २०१९ मध्ये जेमॅप हा नवा प्रोटोकॉलही प्रमाणित झाला. सर्व्हरवरील बदल कमी देवाणघेवाणीत प्रोग्रामपर्यंत पोहोचवणे हा त्याचा एक उद्देश आहे.

प्रोटोकॉल व फाइलींचे प्रकार बदलले, तरी मूळ संदेश कोणत्या ठिकाणी आहे, त्याच्या किती स्वतंत्र प्रती आहेत आणि त्यांपैकी कोणती प्रत खाते बंद झाल्यावरही उघडता येईल, यांवरच पत्रव्यवहाराचे जतन अवलंबून असते.